खुराडं रकूनसाठी, कुंपण अस्वलासाठी

न्यू जर्सीच्या वायव्येकडे, म्हणजे ससेक्स, वॉरन, मॉरिस, पसेइक या काउंट्यांत घर घेतलं आणि मागे जरा मोकळी जागा मिळाली, की एकदोन वर्षांत परसात चार-सहा कोंबड्या येतातच. त्यांच्या मागोमाग अस्वल येतं. अमेरिकी काळं अस्वल आता राज्यातल्या सगळ्या २१ काउंट्यांत दिसलेलं आहे, पण खरी दाटी याच डोंगराळ पट्ट्यात आहे.

पहिला हल्ला झाला की बहुतेक जण एकच गोष्ट करतात: खुराडं आणखी भक्कम करतात. जाड फळ्या, मोठ्या कड्या, दुहेरी जाळी. यात पैसे जातात आणि पुढच्या वेळी अस्वल त्याही फळ्या उचकटतं. दोन-चारशे पौंडांचं जनावर दोन बाय चारच्या लाकडी चौकटीला नखं अडकवून अंग मागे टाकतं, तेव्हा खिळे सुटतातच. अस्वलाला थोपवेल असं लाकडी खुराडं परवडणाऱ्या किमतीत बनत नाही. म्हणून कामाची वाटणी सरळ ठेवावी. खुराडं रकून, कोल्हा, विझल (मुंगसासारखा लहान शिकारी प्राणी) यांना अडवायला, आणि अस्वलासाठी खुराड्यापासून लांब उभं केलेलं झटक्याचं कुंपण.

आपल्याकडचं अस्वल डोळ्यांसमोर ठेवून इथल्या अस्वलाचा अंदाज बांधू नये. चंद्रपूर-बुलढाण्याकडचं अस्वल वाळवी, मोहाची फुलं, बोरं यांवर जगतं. त्याचे वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं. त्याची भीती माणसाला असते, कोंबडीला फारशी नाही. इथलं काळं अस्वल माणसाला सहसा टाळतं, पण माणसाच्या दारातलं सगळं खातं. त्यातही त्याला आधी हवं असतं ते कोंबडीचं खाद्य. कोंबडी ही बऱ्याचदा वाटेत आलेली गोष्ट असते.

खाद्याचा हिशेब

अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात किलोमागे साधारण २,८०० किलोकॅलरी धरतात. ५० पौंडांच्या पोत्यात साठ हजारांच्या वर झाल्या. हिवाळ्याआधी चरबी साठवायच्या दिवसांत काळं अस्वल दिवसाला २०,००० किलोकॅलरींपर्यंत खातं, आणि त्यासाठी एरवी त्याला दिवसभर ओकची फळं शोधत हिंडावं लागतं. गॅरेजच्या बाहेर ठेवलेलं एक पोतं म्हणजे तीन दिवसांची पंगत, तीही बसल्या जागी. शिवाय ओकची फळं सगळ्याच वर्षी सारखी येत नाहीत. ती कमी आलेल्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात अस्वलं वस्तीत जास्त उतरतात.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण पाव पौंड खाते. सहा कोंबड्यांना दीड पौंड, म्हणजे एक पोतं महिनाभर पुरतं. इतक्या थोड्या मालासाठी खुराड्याजवळ साठा करायची गरजच नाही. पोतं घरात किंवा कायम बंद राहणाऱ्या गॅरेजमध्ये ठेवावं, सकाळी दीड पौंड मोजून घालावं आणि संध्याकाळी कोंबड्या झोपायला दांडीवर चढल्या की फीडर, म्हणजे खाद्याचं भांडं, उचलून आत आणावा. सांडलेलं खाली राहू नये म्हणून फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावी. खाली टेकलेल्या फीडरमधून कोंबड्या चोचीनं निम्मं उकरून टाकतात, मग ते ओलं होऊन आंबतं आणि त्याचा वास लांबवर जातो.

घरात जागाच नसेल तर कुलूपवजा पट्टा असलेला पोलादी ड्रम घ्यावा. पत्र्याच्या कचरापेटीवर लवचीक दोरी बांधून चालत नाही. अस्वल पेटी आडवी पाडून तिच्यावर बसतं, आणि झाकण आपोआप निघतं.

आता आपल्या सवयीचं. खरकटं कोंबड्यांना टाकायचं, ही गावाकडची रीत चांगलीच आहे, पण इथे ते सकाळी द्यावं आणि अर्ध्या तासात संपेल एवढंच. रात्रीचा उरलेला भात रात्रीच अंगणात ओतू नये. मासळीची, कोळंबीची टरफलं तर कोंबड्यांकडे अजिबात नेऊ नयेत. कचरापेटी आदल्या रात्री नाही, गाडी यायच्या सकाळी बाहेर काढावी. पक्ष्यांना दाणे ठेवायचेच असतील तर १ डिसेंबर ते १ एप्रिल या काळातच, हा राज्याच्या वन्यजीव विभागाचा सल्ला आहे. एप्रिलनंतर लटकणारा तो दाण्यांचा डबा अस्वलाला अंगणात आणतो, आणि अंगणात आल्यावर त्याला खुराडं सापडतं.

खुराड्यानं काय करायचं

यावर फार वेळ घालवत नाही. षटकोनी भोकांची ‘चिकन वायर’ कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला थांबवत नाही. रकून ती हातानं फाडतो. अर्ध्या इंची चौकोनी भोकांची १९ गेजची वेल्डेड जाळी, जिला इथल्या दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणतात, ती वापरावी. स्टेपल नको. वॉशर लावलेले स्क्रू सहा-सहा इंचांवर मारावेत. जमिनीलगत तीच जाळी दोन फूट बाहेर आडवी पसरून मातीखाली दाबावी, म्हणजे उकरणाऱ्याची नखं तिथेच अडतात. दाराला दोन हालचालींची कडी, कारण एका हालचालीची कडी रकूनला उघडता येते. एवढं झालं की खुराड्याचं काम संपलं.

झटक्याचं कुंपण

गावाकडे रानडुकरांसाठी शेताला लावतात ती झटका मशीन, तेच हे यंत्र. इथे त्याला एनर्जायझर किंवा फेन्स चार्जर म्हणतात. ते साधारण सेकंदाला एक ठोका देतं, हजारो व्होल्टचा, पण सेकंदाच्या दहा हजारांतल्या तीनेक भागांएवढाच. म्हणून तो सणसणीत लागतो, पण जीव घेत नाही. घरातल्या प्लगमधून सरळ तार काढून कुंपणाला जोडणं हा प्रकार मात्र जीव घेतो, गावाकडच्या २३० व्होल्टवर आणि इथल्या १२० व्होल्टवरही. यंत्र प्रमाणित, विकत आणलेलंच हवं. घरी जुळवलेलं नको.

खोक्यावर ‘५० मैल कुंपण’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून यंत्र निवडू नये. तो आकडा गवताचा स्पर्श नसलेल्या एकाच तारेसाठी, आदर्श परिस्थितीतला असतो. बघायचं ते आउटपुट किती जूल आहे, म्हणजे एका ठोक्यात कुंपणाला किती ऊर्जा मिळते. स्टोअर्ड जूल, म्हणजे यंत्रात साठलेली ऊर्जा, हा वेगळा आणि मोठा आकडा, बरेच विक्रेते तोच ठळक छापतात. काळ्या अस्वलासाठी लहान कुंपणाला अर्धा जूल चालतो असं सांगतात. माझ्या मते पूर्ण एक जूल घ्यावा, कारण ऑगस्टमध्ये गवत तारेला टेकतं आणि अर्ध्या जुलाचं यंत्र तिथेच मान टाकतं. तारेवर ६,००० व्होल्ट किंवा जास्त हवेत. ५,००० च्या खाली आकडा आला की बिघाड शोधायला निघायचं.

अस्वलाला एवढा जोर का लागतो, ते त्याच्या अंगाकडे पाहिलं की कळतं. केस दाट, खाली चरबी, पंजाचे तळवे जाड आणि कोरडे. पाठीला तार लागली तर त्याला जेमतेम कळतं. ओलं नाक किंवा जीभ लागली, तरच ते उलट्या पावली पळतं. म्हणून कुंपणाची सगळी रचना अस्वलाचं नाक तारेला कसं लागेल याच हिशेबानं करायची.

समजा ४ बाय ८ फुटांचं खुराडं आणि त्याला जोडलेली तेवढीच जाळीची पडवी आहे. तिच्याभोवती ३० बाय ३० फुटांचा चौकोन आखावा. परीघ १२० फूट. भिंत आणि तार यांत किमान तीन-चार फूट अंतर राहायलाच हवं, नाहीतर अस्वल तारेच्या वरून पंजा टाकून भिंत गाठतं. चौकोनाला लागून झाड नको. अस्वल झाडावर चढून आत उतरतं, आणि वादळात फांदी पडली तर तार तुटते ती वेगळी.

चार कोपऱ्यांना आणि गेटच्या दुसऱ्या बाजूला मिळून पाच लाकडी खांब, आठ फुटी, तीन फूट खोल. इथली माती हिवाळ्यात गोठून फुगते, उथळ गाडलेला खांब वसंतापर्यंत कलतो. मधे दर दहा फुटांवर एक, म्हणजे आठ खांब. सहा फुटी टी-पोस्ट (टी आकाराचे लोखंडी खांब) वीस इंच ठोकले तरी वर सव्वाचार फूट उरतात, तेवढे पुरतात. तारा सहा, जमिनीपासून ८, १६, २४, ३२, ४० आणि ४८ इंचांवर. सहा तारांना ७२० फूट तार लागते, त्यामुळे पाव मैलाचं, म्हणजे १,३२० फुटांचं १४ गेज गॅल्व्हनाइज्ड तारेचं एक वेटोळं आणलं की गाठी, वळसे, चुका धरूनही उरतं. इन्सुलेटर तेरा खांबांना सहा-सहाप्रमाणे ७८. नव्वद आणावेत, थंडीत प्लास्टिकचे काही तडकतातच. टी-पोस्ट लोखंडी असतो, तिथला एक तडकलेला इन्सुलेटर अख्खं कुंपण जमिनीत उतरवतो. फायबरग्लासचे खांब घेतले तर हा त्रास नाही, पण ते अस्वलाच्या धक्क्याला वाकतात.

जमीन ओलसर असेल तर सहाही तारा जिवंत, म्हणजे वीज खेळत्या, ठेवता येतात. झटका तारेतून अस्वलात, त्याच्या पायांतून मातीत आणि मातीतून अर्थिंगच्या रॉडमधून यंत्राकडे परत, असा फेरा पूर्ण होतो. पण इथली टेकाडांवरची जमीन खडकाळ आहे आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोरडी ठणठणीत होते. मग फेरा पूर्ण होत नाही, व्होल्टमीटरवर आकडा उत्तम दिसतो आणि अस्वल मात्र तारांतून आत जातं. यावर दोन उपाय आहेत. एक, खालून दुसरी आणि चौथी तार यंत्राच्या अर्थ टोकाला जोडायची, बाकीच्या चार जिवंत. नाक दोन तारांमध्ये घातलं की दोन्ही लागतात आणि मातीची गरजच उरत नाही. या दोन तारांनाही इन्सुलेटर लावूनच ठेवावेत, म्हणजे पुढे कधी त्यांनाही जिवंत करता येतं. इथे एक खबरदारी: जिवंत आणि अर्थची तार सैल पडून एकमेकींना टेकली की सगळं कुंपण मेलं. प्रत्येक तारेला ताण द्यायचं चाक किंवा स्प्रिंग हवंच.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण त्यात बिचाऱ्या चिकन वायरला अखेर काम मिळतं. तिची दोन फुटी पट्टी कुंपणाच्या बाहेर, चारही बाजूंनी, जमिनीवर सपाट अंथरायची, यू-खिळ्यांनी दाबायची आणि अर्थिंगच्या रॉडला जोडायची. अस्वल तारेला नाक लावतं तेव्हा त्याचे पुढचे पाय या जाळीवर असतात. तण येऊ नये म्हणून कुंपणाखाली नुसती खडी टाकायची पद्धत इथे दिसते. कोरडी खडी वीज अडवते, त्यामुळे जाळी न अंथरता टाकलेली खडी अस्वलाच्याच सोयीची. दोन्ही उपाय एकत्र केले तरी हरकत नाही.

अर्थिंग

कुंपण चालेनासं होतं त्यातल्या बऱ्याच वेळा दोष तारेत नसतो, अर्थिंगमध्ये असतो. एका जुलाला तीन फूट रॉड असा एक ढोबळ नियम आहे. त्यानुसार एकच सहा फुटी रॉड पुरेसा वाटतो, पण खडकाळ जमिनीत तो पुरत नाही. सहा फुटी गॅल्व्हनाइज्ड तीन रॉड, एकमेकांपासून दहा फुटांवर, पूर्ण ठोकावेत आणि एकाच अखंड तारेनं जोडावेत. खाली खडक लागला तर रॉड कापू नये. तिरपा ठोकावा, किंवा छपराचं पाणी गळतं अशा ओलसर जागी चर खणून आडवा पुरावा. घराच्या विजेच्या अर्थिंगपासून हे रॉड किमान ३३ फूट लांब हवेत. पाण्याच्या पाइपाला जोडू नये. रॉड, क्लँप आणि तार एकाच धातूची ठेवावी. गॅल्व्हनाइज्ड रॉडला तांब्याची तार बांधली की तो जोड दोनेक पावसाळ्यांत गंजतो, आणि गंजलेला जोड बाहेरून बघून कळत नाही.

अर्थिंग पुरेसं आहे का, याची परीक्षा सोपी आहे. यंत्र बंद करून यंत्रापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात दोन-तीन लोखंडी सळ्या जमिनीत रोवून जिवंत तारांना टेकवाव्यात. मग यंत्र चालू करावं. तारेवरचा आकडा २,००० व्होल्टच्या खाली आला पाहिजे, नाही आला तर परत बंद करून आणखी सळी टेकवावी. आता व्होल्टमीटरचं एक टोक शेवटच्या अर्थ रॉडला आणि दुसरं तीन फुटांवर मातीत खुपसलेल्या खिळ्याला लावावं. आकडा ३०० व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग अपुरं, चौथा रॉड ठोकावा. ही परीक्षा कोरड्या दिवसात करावी. पावसानंतर सगळेच रॉड पास होतात.

यंत्रापासून कुंपणापर्यंत जमिनीखालून तार न्यायची असेल तर २०,००० व्होल्टचं दुहेरी इन्सुलेशन असलेली केबलच लागते. घरातल्या वायरिंगची तार ६०० व्होल्टची असते. ती पहिल्याच महिन्यात आतल्या आत फुटते आणि बिघाड शोधता शोधता नाकी नऊ येतात. हीच केबल गेटखालूनही न्यावी, म्हणजे गेट उघडं असतानाही बाकीचं कुंपण जिवंत राहील. गेटला प्लास्टिकच्या मुठीचे स्प्रिंगवाले हूक लावतात. ते अशा बाजूनं जोडावेत की हूक काढल्यावर हातातली तार मेलेली असेल. अंडी गोळा करायला मुलं जातात, त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. रस्त्याच्या आणि शेजाऱ्याच्या बाजूला विजेच्या कुंपणाच्या पिवळ्या पाट्या लावाव्यात.

वीज की सौर? घरापासून शंभर-दोनशे फुटांत खुराडं असेल तर प्लगवर चालणारं यंत्र घ्यावं, गॅरेजमध्ये कोरड्या जागी टांगावं आणि सर्ज प्रोटेक्टर लावावा. सौर यंत्राच्या जाहिराती मोकळ्या शेतातल्या असतात, इथे मागे ओक आणि मेपलची सावली. ऑक्टोबरात दिवस लहान होतो, ऊन झाडांत अडतं, बॅटरी उतरते, आणि नेमकं तेव्हाच अस्वल सगळ्यात भुकेलेलं असतं. सौर घ्यायचंच असेल तर १२ व्होल्टची डीप सायकल बॅटरी वेगळी ठेवावी. ती १२ व्होल्टच्या खाली आली म्हणजे निम्म्याहून जास्त रिकामी झाली, लगेच चार्जरवर घ्यावी. वादळात वीज गेली तर प्लगवरचं यंत्रही बंद पडतं, म्हणून बॅटरीवरही चालणारं दुहेरी यंत्र मिळालं तर तेच बरं.

पहिल्या दिवसाबद्दल एक सांगायला हवं. तारा ओढल्या आणि यंत्र शनिवारी येणार आहे, असं करू नका. अस्वल मेलेल्या तारेतून एकदा आत जाऊन आलं की त्याच्या लेखी ते कुंपण नसतंच. पुढे झटका बसला तरी ते पुढेच रेटतं, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक झालेलं असतं. आधी यंत्र आणि अर्थिंग, मग तारा, आणि शेवटची गाठ मारल्याबरोबर चालू. त्यानंतर दिवसरात्र चालू. दिवसा बंद ठेवून विजेची फार बचत होत नाही, हे यंत्र एका लहान बल्बाइतकीही वीज खात नाही.

तारेला शेंगदाण्याचं लोणी किंवा बेकन लावून अस्वलाला मुद्दाम चाटायला लावायचं, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. युक्ती चालते, पण न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालायला बंदी आहे, दंड १,००० डॉलरपर्यंत. शिवाय एखाद्या रात्री वीज गेली तर आपणच आमंत्रण टांगलेलं असतं. मधल्या जिवंत तारांना नुसत्या चकाकणाऱ्या फॉइलच्या पट्ट्या बांधाव्यात. तार नजरेत येते आणि कुतूहलानं नाक तिथे जाण्याची शक्यता वाढते.

देखभालीत मुख्य शत्रू गवत. दोन्ही बाजूंना एकेक फूट पट्टी मे ते सप्टेंबर दर आठवड्याला कापावी. व्होल्टमीटर गेटलाच टांगून ठेवावा आणि अंडी आणायला जाताना रोज आकडा पाहावा. आकडा पडला तर आधी यंत्रावरून कुंपणाची तार सोडवून नुसत्या यंत्राचा आकडा घ्यावा. तिथे आठ-नऊ हजार आणि कुंपणावर तीन हजार, तर दोष कुंपणात. तिथेच कमी, तर यंत्र किंवा बॅटरी. कुंपणातला दोष अंधारात लवकर सापडतो. ओल्या रात्री फिरलं की जिथे वीज गळते तिथे ‘टक्, टक्’ ऐकू येतं, कधी निळसर ठिणगी दिसते. जुना एएम रेडिओ स्टेशनांच्या मधे लावून कुंपणालगत नेला तर गळतीच्या जागी त्याची खरखर वाढते.

जाळीचं तयार कुंपण

खांब ठोकायची तयारी नसेल, किंवा कोंबड्या चराईसाठी हलवत न्यायच्या असतील, तर विजेची विणलेली जाळी मिळते. ४८ इंच उंच, १६४ फूट लांब, खांब आतच ओवलेले. चौकोन केला तर एक बाजू ४१ फूट. संध्याकाळभरात उभी राहते. तिची अगदी खालची दोरी जमिनीला टेकते म्हणून मेलेली, म्हणजे बिनविजेची, असते, बाकी आडव्या दोऱ्या जिवंत. अस्वलाला ती चालते, अट एकच: ताठ उभी हवी. खांब बारीक असतात, कोपरे आत झुकतात, जाळी मधे झोळते आणि गवताला टेकते. चारही कोपऱ्यांना बाहेरून दोरीनं ताण द्यावा. ४२ इंचीपेक्षा ४८ इंची घ्यावी. बर्फ पडायच्या आत गुंडाळून ठेवावी, ओल्या बर्फाच्या ओझ्यानं खांब वाकतात.

मोंटाना, वायोमिंग, आयडाहोकडे, म्हणजे ग्रिझली या मोठ्या तपकिरी अस्वलाच्या मुलुखात कोंबड्या पाळणाऱ्यांनाही हेच झटक्याचं कुंपण लागतं, पण तिथे एका जुलाच्या खाली उतरूच नये आणि व्होल्टेज ७,००० च्या आसपास ठेवावं. ग्रिझलीला १९७५ पासून संघीय कायद्याचं संरक्षण आहे, कोंबड्या वाचवायला त्याला गोळी घालता येत नाही. डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ ही संस्था त्या भागात अशा कुंपणाच्या खर्चातला काही वाटा परत देत आली आहे. सामान घेण्याआधी त्यांच्याकडे चौकशी करावी, पावत्या जपून ठेवाव्यात.

ज्यावर पैसे घालू नयेत

हालचालीवर पेटणारे दिवे, रात्रभर चालणारा रेडिओ, पाण्याचा फवारा यांना अस्वल दोन-चार रात्रींत सरावतं. अमोनियात भिजवलेल्या चिंध्या कचरापेटीत ठीक, खुराड्यात नकोत, तो वास कोंबड्यांच्या श्वासनलिकेला बाधतो. अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा आधीच खुराड्यावर मारून ठेवणारेही असतात. तो फवारा समोरच्या अस्वलाच्या तोंडावर मारण्यासाठी आहे. लाकडावर वाळलेल्या तिखटाचा वास अस्वलाला उलट ओढून आणतो. खिळे वर काढलेल्या फळ्या पायरीशी ठेवणं तर आपल्याच मुलांच्या पायाला. कुत्रा भुंकून जागं करतो, तेवढा उपयोग खरा, पण पिल्लं असलेल्या अस्वलीसमोर त्याला मोकळा सोडू नये.

हल्ला होऊन गेला असेल तर

अस्वल परत येतं, बहुधा त्याच किंवा दुसऱ्या रात्री. म्हणून त्याच दिवशी उरलेल्या कोंबड्या गॅरेजमध्ये हलवाव्यात. कुत्र्याचा पिंजरा, खाली लाकडाचा भुसा, पाणी. तीन-चार दिवस अंडी कमी होतील, होऊ द्यावीत. मेलेल्या कोंबड्या, पिसं, फुटलेली अंडी, सांडलेलं खाद्य सगळं उचलावं. पुरू नये, अस्वल उकरतं. दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्याच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये ठेवावं. घरात शाकाहारी मंडळी असतील तर फ्रीझरवरून वाद होईल, पण दुसरी चांगली जागा नाही. फोटो काढून ठेवावेत आणि राज्याच्या पर्यावरण विभागाला १-८७७-९२७-६३३७ वर कळवावं. पकडून लांब सोडा असं सांगून उपयोग होत नाही, खाण्याची चव लागलेलं अस्वल परततं किंवा नव्या जागी तेच करतं, आणि वारंवार अंगणात शिरणाऱ्या अस्वलाला अखेर मारलं जातं. रिकाम्या खुराड्याभोवती त्याच आठवड्यात जिवंत कुंपण उभं करावं आणि मगच कोंबड्या परत न्याव्यात.

सामान आणण्याआधी गावाच्या नियमांकडे बघावं. न्यू जर्सीत प्रत्येक टाउनशिपचे कोंबड्यांचे नियम वेगळे, काही ठिकाणी पाळायलाच मनाई, काही ठिकाणी संख्या आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासूनचं अंतर ठरलेलं. विजेच्या कुंपणासाठी वेगळी परवानगी लागू शकते. वसाहतीची गृहसंस्था असेल तर तिलाही विचारावं.

हिवाळ्यात बहुतेक अस्वलं नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरमध्ये गुहेत जातात, पण खायला मिळत राहिलं तर काही बाहेरच राहतात. त्यामुळे यंत्र पूर्ण बंद करू नये. बर्फ चढला की खालच्या तारा त्यात बुडून वीज गळते, म्हणून जिवंत तारांना एकमेकींशी जोडणाऱ्या उभ्या तारेत खालच्या जिवंत तारांसाठी वेगळा स्विच ठेवावा आणि बर्फ असेपर्यंत त्यांची वीज बंद ठेवावी. बर्फ वितळला की स्विच परत लावायचं लक्षात राहत नाही, तेव्हा त्या स्विचवर लाल पट्टी बांधावी. मार्चच्या पहिल्या उबदार आठवड्यात चारही बाजू फिरून तडकलेले इन्सुलेटर बदलावेत, तारांना ताण द्यावा, जमिनीवरची जाळी उचकटली असेल तिथे यू-खिळे मारावेत आणि अर्थिंगचे क्लँप घट्ट करावेत. गुहेतून बाहेर येणारी अस्वलं त्याच महिन्यात हिंडायला लागतात.